ऐच्छिक प्रशिक्षण खरंच ऐच्छिक राहू द्या



हल्ली चार-पाच शाळा चालवणाऱ्या संस्थाही कर्मचाऱ्यांसाठी स्वतःचं अंतर्गत संकेतस्थळ करून घेतात. रजेचे अर्ज, परिपत्रकं, पगारपत्रक सगळं तिथे. आता त्यात 'सॉफ्ट स्किल्स'चा, म्हणजे बोलण्या-वागण्याच्या कौशल्यांचा एक विभाग जोडायची टूम निघाली आहे. सक्ती नाही, ज्याला हवं त्याने शिकावं, असं सांगतात. कल्पना चांगली आहे. आणि हे काम बहुधा शाळेतल्या 'संगणक येणाऱ्या' सरांच्या नाहीतर मॅडमच्या गळ्यात पडतं. तुमच्या गळ्यात पडलं असेल, तर पुढचं जरा वाचाच.

पहिला आराखडा कसा होतो ते तुम्हाला माहीत आहे. वर अध्यक्षांचा फोटो आणि मनोगत. खाली 'संवाद कौशल्य भाग १', 'ताणतणाव व्यवस्थापन भाग २' अशी यादी. प्रत्येकाच्या नावापुढे किती टक्के पूर्ण झालं त्याची हिरवी पट्टी, शेवटी प्रमाणपत्र, आणि मुख्याध्यापकांसाठी 'कोणी काय केलं' याचा तक्ता. माझं म्हणणं एवढंच, की पट्टी, प्रमाणपत्र आणि तक्ता या तीन गोष्टी आधी काढून टाका. त्या ठेवल्या की 'ऐच्छिक' हा शब्द नावापुरता उरतो.

असं का म्हणतो? ऑक्टोबर २०२० पासून दीक्षावर निष्ठाचे १८ कोर्स झाले, ते आठवा. त्यातला काही आशय खरोखर चांगला होता. पण रोज गटावर विचारणा काय व्हायची? 'कोर्स पूर्ण झाला का? प्रमाणपत्र आलं का?' मग मोबाईल ओट्यावर, व्हिडिओ चालू आणि आपण पोळ्या लाटतोय. उत्तरांची पीडीएफ तर कोर्सच्या आधीच फिरायची! त्यात शिक्षकांचा आळस नव्हता. जे मोजलं जातं ते माणूस पूर्ण करतो, आणि मोजली जात होती प्रमाणपत्रं.

१९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बालवाडीतल्या, चित्रं काढायची मुळातच आवड असलेल्या काही मुलांना 'चित्र काढलंत तर प्रमाणपत्र देऊ' असं आधी सांगितलं. सोनेरी शिक्का आणि फीत लावलेलं प्रमाणपत्र! काही दिवसांनी मोकळ्या वेळेत पाहिलं, तर हीच मुलं इतरांपेक्षा बरीच कमी चित्रं काढत होती. ज्यांना काहीच कबूल केलं नव्हतं, त्यांची आवड टिकून होती. वर्गात ही गोष्ट आपण रोज पाहतो, स्वतःच्या बाबतीत मात्र विसरतो. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत असं म्हटलं आहे, आणि ते स्वतःच्या आवडीने असावेत असंही म्हटलं आहे. ५० हा आकडा सगळ्यांना पाठ आहे.

मग पहिल्या पानावर काय हवं? प्रसंग हवेत. 'पालक चिडून आले आहेत.' 'मूल गप्प बसलंय, काही सांगत नाही.' 'सहकाऱ्याला नाही म्हणायचंय, पण संबंध बिघडवायचे नाहीत.' दमून आलेला माणूस 'संवाद कौशल्य भाग १' उघडत नाही. उद्या सकाळी कोणाला तरी तोंड द्यायचंय, म्हणून तो काहीतरी शोधतो. त्या प्रसंगात त्याला वाक्यं द्या. 'तुमच्या मुलाचं अभ्यासात लक्षच नाही' असं म्हटलं, की पालकांना एकतर मान खाली घालावी लागते, नाहीतर भांडावं लागतं. 'गेल्या आठवड्यात तीन दिवस गृहपाठ झालेला नाही. घरी काही बदललंय का?' यावर त्यांना उत्तर देता येतं. कदाचित कळेल की आजी दवाखान्यात आहे. अशी जोड्यांनी वाक्यं लिहायला घ्या. वीस मिनिटांच्या व्हिडिओपेक्षा दोन मिनिटांत वाचून होणारं पान जास्त उपयोगी पडतं. रेंज कमी असलेल्या गावातही ते उघडतं.

आणि हो, मजकूर युनिकोडमध्येच टाका. जुन्या फॉन्टमधला उतारा तसाच चिकटवला तर मोबाईलवर नुसती अक्षरांची रांगोळी दिसते, शोधूनही काही सापडत नाही.

शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना विसरू नका. शाळेत आलेल्या पालकाला आधी भेटतात शिपाई मामा किंवा मावशी, मग खिडकीतले लिपिक. दाखल्यासाठी तिसरी फेरी मारणाऱ्या माणसाला 'उद्या या' कसं सांगायचं, हे खरं कठीण कौशल्य आहे. त्यांच्यासाठी ऐकता येईल असा आवाजातला मजकूर ठेवा.

वाचण्यासाठी नावाने लॉगिन नको. 'राग आवरत नाही' हे पान उघडताना वरिष्ठांना दिसेल अशी शंका आली, तर ते पान ज्याला सगळ्यात जास्त हवंय तोच उघडणार नाही.

यावर संस्थाचालक विचारतील, मग खर्चाचा हिशोब कसा द्यायचा? माणसं मोजू नका, पानं मोजा. कोणतं पान किती वेळा उघडलं गेलं, एवढंच पाहा. समजा चाचणीचे निकाल लागल्यावर 'चिडलेले पालक' हे पान सगळ्यात जास्त उघडलं गेलं. तर आधी आपली पालकसभा तपासा. साठ मुलं आणि दोन तास, म्हणजे एका पालकाला दोन मिनिटं. तिथे कितीही गोड बोला, माणूस चिडणारच. सभा दोन दिवसांत विभागायची सोडून शिक्षकाला संयमाचे धडे देणं हा मला अन्याय वाटतो.

अर्थात वाचून बोलणं सुधारत नाही, सराव लागतो. केंद्राच्या शिक्षण परिषदेत नाहीतर संस्थेच्या सभेत अर्धा तास द्या. एकाने पालक व्हायचं, एकाने शिक्षक. सुरुवातीला हसू येतं, दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला गंभीरपणे होतं. संकेतस्थळाने एवढंच करावं, की सराव करू इच्छिणाऱ्या दोघांची गाठ घालून द्यावी, शक्यतो वेगवेगळ्या शाळांतल्या.

पालकहो, तुमच्यातले अनेकजण कंपन्यांमध्ये असली प्रशिक्षणं करतात. त्यातलं कोणतं तुम्ही कोणी न सांगता उघडलंत आणि का, हे पुढच्या सभेत आम्हाला सांगा. शिक्षकाचं किंवा कार्यालयातलं कोणतं वाक्य तुम्हाला लागलं, तेही नाव न घेता चिठ्ठीवर लिहून द्या. पहिली दहा पानं त्या चिठ्ठ्यांवरूनच लिहायला घ्यावीत.