लंडनमधील उन्हाळी बिऱ्हाड

वडील मंडळींसह उन्हाळ्यांत लंडनला जावयाचें ठरलें, कीं पहिला वाद उतरण्याच्या जागेवरून होतो. तरुणांना राजवाड्याचें सान्निध्य हवें असतें, हिशेब ठेवणारास स्वस्ताई. आमच्या मतें घरांतील सर्वांत थकलेल्या पायांना विचारून जागा ठरवावी.

ब्लूम्सबरीचेंच उदाहरण घ्या. हीथ्रो विमानतळावरून पिकॅडिली मार्गाची भुयारी गाडी थेट रसेल स्क्वेअरला येते. तेथून ब्रिटिश म्युझियम पायीं गांठतां येतें. युस्टनजवळच्या ड्रमंड रस्त्यावर आपल्याकडचें शाकाहारी जेवणहि मिळतें. परंतु जुन्या घरांतून थाटलेल्या तेथील कित्येक हॉटेलांत लिफ्ट नसते, जिने अरुंद असतात. थंड हवेची यंत्रेंहि सर्वत्र नसतात. आणि १९ जुलै २०२२ रोजीं हीथ्रो येथें पारा ४०.२ अंशांवर गेला होता.

विद्यापीठांचीं कांहीं वसतिगृहें सुटींत प्रवाशांस भाड्यानें मिळतात. कित्येकांत सामायिक स्वयंपाकघर असतें. आजींना मऊभात शिजवून घेतां येतो.

तेव्हां पैसे भरण्यापूर्वीं लिफ्ट, पंखा व चूल या तीन गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात. एरवीं वडील मंडळी खोलींत बसून राहतात, आणि सहल मात्र इतरांची होते.