बाळाचे डोळे याच आठवड्यात तपासून घ्या

आज संध्याकाळी बाळ मांडीवर असताना एवढं करून पाहा. त्याच्यासमोर आवडीचं खेळणं धरा. आधी एक डोळा तळहाताने झाका, मग दुसरा. एक झाकला तर ते खुशाल पाहत राहतं, पण दुसरा झाकताच तुमचा हात ढकलतं, किरकिरतं, मान फिरवतं? मग थांबू नका. जो डोळा उघडा राहिला, त्याने त्याला नीट दिसत नसावं. बाळ सांगणार नाही. चांगला डोळा सगळं काम उरकत असतो, म्हणून तक्रारच येत नाही.

डोळा फक्त उजेड आत घेतो. ओळखतो तो मेंदू, आणि ओळखणं त्याला शिकावं लागतं. जन्मलेल्या बाळाला सगळं धूसर दिसतं, जवळ आलेला आईचा चेहरा तेवढा खुणावतो. मग पाहून पाहून एकेक गोष्ट पक्की होते. वाटी पालथी घातली तरी वाटीच. आजोबांनी चष्मा काढला तरी आजोबाच. दाराआडून नुसती शेपटी दिसली तरी मांजरच. हे गिरवायला मेंदूला स्वच्छ चित्र लागतं. जन्मजात मोतीबिंदू, तिरळेपणा किंवा एकाच डोळ्याचा मोठा नंबर असला तर ते मिळत नाही, आणि मेंदू त्या डोळ्याचं ऐकणंच सोडून देतो. यालाच आळशी डोळा म्हणतात.

डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी १९६०च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा सुरुवातीचे काही महिने बंद ठेवला. उघडल्यावर डोळा धडधाकट होता, पण मेंदूच्या दृष्टीकेंद्रातल्या बहुतेक पेशी त्याला दाद देईनात. मोठ्या मांजरांत असं घडलं नाही. दोघांना १९८१चं नोबेल मिळालं. तुमच्या घरातलं पिल्लू आज त्याच नाजूक वयात आहे.

म्हणून बघा. बाहुलीत पांढरी झाक आहे का? मोबाइलच्या फोटोत एकच डोळा पांढरा चमकतो का? तो मोतीबिंदू असेल, क्वचित डोळ्याचा कर्करोगही असतो. त्याच दिवशी निघा. तीन महिन्यांचं झालं तरी तुमच्या तोंडाकडे टक लावत नाही? चौथा महिना उलटला तरी डोळा तिरळा राहतो? तिरळं मूल नशीबवान असतं म्हणणाऱ्यांना नमस्कार करा आणि दवाखाना गाठा.

प्रा. पवन सिन्हा यांच्या ‘प्रोजेक्ट प्रकाश’मध्ये उत्तर भारतातल्या जन्मांध मुलांवर उशिरा, आठ-दहा वर्षांनी किंवा त्याहूनही नंतर, शस्त्रक्रिया झाल्या. पट्टी निघाल्यावर मुलांना दिसू लागलं, पण हाताने चाचपलेला ठोकळा नुसत्या नजरेने ओळखता येईना. चेंडूची सावली त्यांना वेगळीच वस्तू वाटे. पुढे ती बरंच शिकली, काही गोष्टी तर थोड्याच दिवसांत. तेव्हा मूल मोठं झालं म्हणून आशा सोडू नका. मात्र नजरेची धार त्यांना पूर्ण परत मिळाली नाही. जन्मजात मोतीबिंदू पहिल्या दोन महिन्यांतच काढावा लागतो, तो याचसाठी.

आळशी डोळ्यावरचा उपाय साधा आहे: चष्मा, आणि चांगल्या डोळ्यावर रोज डॉक्टर सांगतील तेवढे तास पट्टी. सातव्या वर्षाआधी तो सर्वांत चांगला लागू पडतो. मूल रडेल, पट्टी ओढेल. आजी, तुम्हाला हात जोडून सांगते, कीव येऊन ती काढू नका. तेवढा वेळ त्याला गोष्टीचं पुस्तक दाखवा, तांदूळ निवडायला बसवा.

पैशांसाठी अडू नका. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि शाळेत येतं, तपासणी मोफत असते. पथक कधी येणार हे उद्याच अंगणवाडीताईंना विचारा. शंका असेल तर त्याचीही वाट पाहू नका, थेट सरकारी रुग्णालयात जा. शेजारच्या घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या आईलाही सोबत न्या.