चिठ्ठी खिशात, गुंगी डोळ्यांवर

शनिवारी संध्याकाळी चौक फाट्यावरून कर्जतकडे फार्महाउसवाल्यांच्या गाड्यांची रांग लागते आणि रविवारी रात्री तीच रांग परतीला निघते. मध्येच नाकाबंदी लागली की पोलीस खिडकीशी यंत्र धरून ‘फुंका’ म्हणतात. घेतलेला सापडतो, न घेतलेला सुटतो. आता समजा, त्याच रांगेत एक निर्व्यसनी गृहस्थ आहेत. उभ्या जन्मात बाटलीला हात लावलेला नाही. आठवड्यापूर्वी कंबर धरली म्हणून डॉक्टरांनी ट्रॅमाडॉलची गोळी दिली, जोडीला ‘नसांची’ म्हणून प्रीगाबालिन दिली, आणि दोन्ही पोटात घेऊन ते स्टिअरिंगवर बसले आहेत. यंत्रावर शून्य. ‘जा काका’ म्हणून पोलीस त्यांना आदराने वाट करून देतात. काकांनाही आपण काही गैर करतो आहोत असे वाटत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध आहे, चिठ्ठी खिशात आहे. दारू प्यायलेल्यांच्या पंगतीत कोणी आपल्याला बसवले तर ते रागावतील आणि तो राग समजण्यासारखा आहे.

कायदा मात्र त्यांना त्याच पंगतीत बसवतो, अगदी त्याच कलमात. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. त्याच्या पहिल्या भागात दारू आहे: १०० मिलीलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर गेली की गुन्हा. दुसऱ्या भागात ड्रग्ज: वाहनावर नीट ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल असला की गुन्हा. शिक्षा दोघांना सारखीच. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड किंवा दोन्ही. हे कलम तडजोडीच्या यादीत नाही, त्यामुळे जागेवर पावती फाडून सुटका नाही, कोर्टाची पायरी चढावी लागते.

‘ड्रग्ज म्हणजे गांजा-चरस, आमच्या गोळीचा काय संबंध?’ असे कोणी विचारील. २०१९ च्या दुरुस्तीने त्याचे उत्तर कायद्यातच घातले आहे. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येणारे सगळे गुंगीकारक आणि मनावर परिणाम करणारे पदार्थ या कलमापुरते ड्रग्जच. आणि ट्रॅमाडॉल एप्रिल २०१८ पासून त्या यादीत आहे. झोपेसाठी किंवा स्नायू सैल पडावेत म्हणून सर्रास दिल्या जाणाऱ्या डायझेपाम आणि अल्प्राझोलाम तर त्याआधीपासूनच आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीमुळे ती गोळी खिशात बाळगणे कायदेशीर ठरते. ती खाऊन गाडीवर ताबा राहिला नाही, तर त्या बाबतीत चिठ्ठी काही वाचवत नाही. उलट गोळी घेतली होती याचा लेखी पुरावा तीच.

प्रीगाबालिन त्या यादीत नाही म्हणून निर्धास्त राहावे असेही नाही. आपल्या आजारपणामुळे किंवा व्यंगामुळे रस्त्यावरच्या लोकांना धोका आहे हे ठाऊक असून गाडी चालवली, तर कलम १८६ आहे. तिथला दंड पहिल्या वेळी अवघा एक हजार, म्हणून त्याची भीती कोणाला नाही. खरी भीती विम्याची असायला हवी. विमापत्रातला बारीक मजकूर आपण सहसा वाचत नाही. मद्य किंवा ड्रग्जच्या अमलाखाली गाडी चालवताना झालेले स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून मिळणार नाही, असे त्यात स्वच्छ लिहिलेले असते. आणि अपघातात समोरचा माणूस गेला, तर भारतीय न्याय संहितेचे कलम १०६ पुढे उभे राहते, पाच वर्षांपर्यंतच्या कैदेचे.

कायदा इथवर ठीक. पण कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके कंबर आणि गुडघ्यांवर चालतात, हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात कुठून येणार? आषाढात दिवस दिवस वाकून भाताची लावणी. सावरोली, खोपोली, पाताळगंगेच्या कारखान्यांतल्या पाळ्या, आणि त्या गाठण्यासाठी खड्ड्यांतून पळणाऱ्या मोटारसायकली. नेरळहून दस्तुरी नाक्यापर्यंत माथेरानचा घाट दिवसभर चढणारे-उतरणारे टॅक्सीवाले, ज्यांचा डावा पाय क्लचवरून उतरत नाही. अशा माणसाला दवाखान्यात सांगतात, ‘गादी सरकली’, ‘मणक्यात गॅप आहे’, ‘नस दबली’. मग कागदाच्या पुडीत तीन-चार गोळ्या हातात पडतात. कशात काय आहे, हे घेणाऱ्याला ठाऊक नसते. पाकिटावर कंपनीने ठेवलेले नाव ठळक, आतल्या घटकांची नावे बारीक इंग्रजीत, आणि ती पट्टी अर्धी कापून दिलेली असली तर तेवढेही वाचायला उरत नाही.

या गोळ्या एकाच माळेचे मणी नाहीत. साधी पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन घेऊन बहुतेकांना गाडी चालवता येते. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक यांनी पोट बिघडते, क्वचित गरगरते, पण सहसा झोप येत नाही. घोळ होतो तो जोडगोळीत. अॅसिक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉलच्या जोडीला त्याच गोळीत स्नायू सैल करणारे क्लोरझोक्साझोन असते. कधी टिझानिडीन असते, आणि ते तर चांगलेच पेंगवते. प्रीगाबालिन आणि अॅमिट्रिप्टिलीन नसांच्या दुखण्यावर उपयोगी खरे, पण डोके जड करतात. रात्री घेतलेल्या अॅमिट्रिप्टिलीनचा अंमल सकाळी सातच्या पाळीला निघताना अनेकांच्या अंगात असतो. ट्रॅमाडॉलने गुंगी येते, मळमळते, चक्कर येते. वर सर्दी झाली म्हणून दुकानातून सर्दीची गोळी घेतली, की तिच्यातल्या क्लोरफेनिरामीनची भर. संध्याकाळी एक पेग झाला तर विचारूच नका. दारू आणि ट्रॅमाडॉल एकत्र आले की गाडीचे सोडा, माणसाचा श्वासही मंदावू शकतो.

यातली अवघड गोष्ट अशी की अंमल असलेल्याला तो कळतोच असे नाही. पेंग येते तेव्हा निदान डोळे चोळता येतात. पण डोळे सताड उघडे असताना पाय ब्रेकवर पोचायला एक सेकंद उशीर होतो, तो कळत नाही. ताशी ६० च्या वेगाने त्या सेकंदात गाडी सुमारे १७ मीटर पुढे गेलेली असते. कर्जत–खोपोली रस्त्यावर रात्री म्हैस आडवी यायला एवढे अंतर पुष्कळ झाले.

हे वाचून कोणी उद्यापासून औषध बंद करू नये. प्रीगाबालिन किंवा ट्रॅमाडॉल बरेच दिवस चालू असेल तर एकदम सोडणे वाईट, आणि दुखणे अंगावर काढून गाडी चालवणे हेही सुरक्षित नव्हे. सायटिकाच्या कळेने ज्याचा पाय नीट उचलत नाही, तो ब्रेक तरी काय मारणार? जास्त धोक्याचे दिवस म्हणजे औषध सुरू केल्यानंतरचे पहिले काही आणि मात्रा वाढवल्यानंतरचे. पुढे शरीर सरावले की अनेकजण नीट चालवू शकतात. कोण चालवू शकतो आणि कधीपासून, हे डॉक्टरने पाहून सांगायचे असते. इथेच घोडे पेंड खाते. दवाखान्यात विचारतात शुगर आहे का, बीपी आहे का, पोटाला त्रास होतो का. ‘इथवर आलात कसे? गाडी चालवता का? पोटापाण्यासाठी चालवता का?’ हे कोणी विचारत नाही. दारात लावलेली मोटारसायकल सर्वांना दिसत असते.

लायसनच्या वेळीही तेच. अर्जदाराने आपल्या तब्येतीबद्दल जो नमुना १ भरून द्यायचा असतो, त्यात फिट येते का, अचानक शुद्ध हरपते का, चक्कर येते का, दृष्टी ठीक आहे का, असे प्रश्न आहेत. औषधांचा प्रश्न नाही. आणि लायसन एकदा हातात पडले की पुढची कित्येक वर्षे कोणी काही विचारायला येत नाही. दुखणी नेमकी त्याच वर्षांत जडतात.

मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्ण खुला झाला तेव्हापासून बोरघाटातल्या सुरक्षेवर पुष्कळ बोलले आणि थोडेफार केले गेले. आता कॅमेरे आले. त्यांना वेग कळतो, पट्टा बांधला नाही हे कळते, कानाला लावलेला मोबाइल कळतो. ट्रॅमाडॉल कळत नाही. जुन्या रस्त्याने जाणारे शिंग्रोबाच्या देवळापाशी वेग कमी करून नाणे टाकतात आणि पुढे जातात. त्यांची सुरक्षेची परंपरा एवढीच. गंमत म्हणजे या घाटाची सर्वांत प्रसिद्ध खूण वेदनाशामकाच्याच नावाची होती. बामच्या जाहिरातीवरून लोकांनी इंग्रजी अमदानीतल्या पुलाला अमृतांजन पूल म्हटले, आणि एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीत तो पाडला जाईपर्यंत त्याचे दुसरे नाव फारसे कोणाला ठाऊक नव्हते. त्या औषधाची एक सोय होती: कपाळाला चोळून बिनधास्त गाडी चालवता येत असे.

बाहेरच्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे. ब्रिटनने इंग्लंड आणि वेल्समध्ये मार्च २०१५ पासून मॉर्फीन, डायझेपामसारख्या औषधांनाही रक्तातल्या प्रमाणाची मर्यादा घातली. पण सांगितल्याप्रमाणे औषध घेणाऱ्या आणि चालवण्यावर परिणाम न झालेल्या रुग्णाला तसा बचाव करण्याची मुभा ठेवली. आपल्याकडे दारूला आकडा आहे, औषधाला नाही. ‘ताबा ठेवता येणार नाही इतका अंमल’ हे ठरवायचे रस्त्यावर उभ्या हवालदाराने, आणि रक्ताची तपासणी सहसा अपघात झाल्यावर. फ्रान्सने सोपी युक्ती केली. तिथे अशा औषधाच्या खोक्यावर मोटारीचे चित्र असते: पिवळे म्हणजे जपून, नारिंगी म्हणजे डॉक्टरांना विचारून, तांबडे म्हणजे चालवू नका. अक्षर न ओळखणाऱ्यालाही ते समजावे. आमच्याकडे तांबडी चौकट असते, पण तिच्यातल्या इंग्रजी मजकुराचा सारा रोख वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेऊ नका, चिठ्ठीशिवाय विकू नका यावर. गाडीचा त्यात उल्लेख नाही.

आता पोटाचा प्रश्न. खेपेवर इको चालवणाऱ्या माणसाला ‘आठ दिवस गाडी नको’ म्हणून सांगितले, तर तो मान डोलावतो आणि दवाखान्याबाहेर पडून गाडीला किल्ली लावतो. हप्ता बँकेचा असतो, बँक मणक्याची गॅप मानत नाही. अशा माणसाला उपदेश देण्यापेक्षा डॉक्टरने त्याचा धंदा विचारून औषध बदलावे, पेंगवणारी गोळी शक्य तेवढी रात्रीवर ढकलावी आणि कामाच्या किती तास आधी घ्यावी हे चिठ्ठीवर मराठीत लिहावे. मालकांनीही एक कलम वाचून ठेवलेले बरे: १८८. वर सांगितलेल्या १८५ आणि १८६ या दोन्ही कलमांतल्या गुन्ह्यांना चिथावणी देणाऱ्यालाही तीच शिक्षा आहे. ‘गोळी घे आणि पुण्याची खेप मार’ असे व्हॉट्सअॅपवर लिहिणाऱ्याने ते निरोप पुन्हा एकदा वाचावेत.

बाकीच्यांना पर्याय आहेत, अपुरे असले तरी. कर्जत आणि खोपोली दोन्हीकडे लोकल येते. खोपोलीची फार थांबून मिळते, पण येते. आतल्या गावांत मात्र संध्याकाळनंतर एसटी नाही, म्हणून दुखणाईत माणूसच मोटारसायकलला किक मारतो आणि मागे बसलेला धडधाकट मुलगा मोबाइल बघतो. मुलाकडे लायसन असेल तर त्याने पुढे बसावे, एवढे कोणी सांगण्यासारखे नाही का? औषध दुकानाच्या काउंटरवर सांगता येईल.

काउंटरवर ते सांगायची जागाही तयार आहे. ट्रॅमाडॉल, डायझेपाम यांसारखी औषधे २०१४ पासून एच-वन या अनुसूचीत आहेत. ती विकताना औषध दुकानदाराला वेगळ्या वहीत डॉक्टरचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि किती दिले ते लिहावे लागते आणि ती वही तीन वर्षे जपावी लागते. म्हणजे नियम पाळणाऱ्या दुकानात, कर्जत-खोपोलीत महिन्याभरात ही औषधे कोणाला दिली, हे आजच लिहिलेले आहे. वहीत नोंद करताना दुकानदाराने ‘गाडी चालवता का?’ विचारावे आणि पुडीवर ‘ही गोळी घेऊन गाडी चालवू नका, डॉक्टरांना विचारा’ असा शिक्का मारावा. यासाठी दिल्लीहून दुरुस्ती यायला नको, मंत्रालयातून परिपत्रक नको. दोन तालुक्यांतल्या औषध विक्रेत्यांनी एका दुपारी बसून ठरवले तर पुरे. रबरी शिक्का करायला बाजारपेठेत शे-दोनशे रुपये पडतील, शाई वेगळी.