युरोचा पगार आणि शहराचे भाडे

पुंडलिकनगरासारख्या शिक्षक-कारकुनांच्या वस्तीत मुलगा पुण्याला गेला ही बातमी कधीच उरली नव्हती. आता तो जर्मनीला निघाल्याचेही कोणाला फारसे नवल वाटत नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळाविषयी करार केल्यापासून तर ही वाट अधिकच रुळली आहे. जाण्याला आक्षेप नाही. आक्षेप आहे तो निघण्यापूर्वी मांडल्या जाणाऱ्या हिशेबाला. मिळकतीच्या युरोंना शंभराने गुणायचे आणि आलेला आकडा वडिलांच्या वेतनाशेजारी ठेवायचा, की हिशेब संपला! खर्च कोणत्या शहरात व्हायचा आहे, हे कोणी विचारीतच नाही.

वास्तविक नोकरदार वर्गाला हा प्रश्न अपरिचित नसावा. शहरागणिक खर्च बदलतो, हे त्याच्या वेतनपत्रकातच मान्य केलेले असते. घरभाडे भत्त्यासाठी पुणे ‘एक्स’ वर्गात, आपले शहर ‘वाय’ वर्गात. केंद्रीय कर्मचाऱ्यांना १ जानेवारी २०२४ पासून मूळ वेतनाच्या अनुक्रमे ३० व २० टक्के भत्ता लागू झाला. महागाई भत्ता मात्र अखिल भारतीय निर्देशांकावर ठरत असल्याने सर्वांना सारखा. या निर्देशांकाविषयी सुशिक्षितांतही एक गैरसमज आढळतो. एका शहराचा निर्देशांक दुसऱ्याहून मोठा म्हणजे ते शहर महाग, असे नव्हे. आधारवर्षापासून त्या त्या ठिकाणच्या किमती किती वाढल्या, एवढेच तो सांगतो. दहा वर्षांचा मुलगा वर्षभरात चार बोटे वाढला आणि बाप मुळीच वाढला नाही, म्हणून मुलगा बापाहून उंच ठरत नाही.

दोन शहरे ताडून पाहायची तर एकाच वेळी त्याच जिनसांच्या किमती दोन्हीकडे मोजाव्या लागतात. युरोपीय संघ आपल्या अधिकाऱ्यांच्या वेतनासाठी ब्रुसेल्सला १०० धरून असे गुणक काढतो. सल्लागार कंपन्यांचे गाजलेले तक्ते परदेशी धाडल्या जाणाऱ्या बड्या अधिकाऱ्यांच्या राहणीवर बेतलेले असतात, तर इंटरनेटवरील काही तक्ते कोणीही भरलेल्या आकड्यांवर. भागीदारीत खोली घेऊन हाताने स्वयंपाक करणाऱ्या विद्यार्थ्याचा खर्च यांपैकी कशातच नीट सापडत नाही.

जर्मनीचेच पाहा. विद्यार्थी व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो, म्हणजे सुमारे बारा लाख रुपये, बंद खात्यात ठेवावे लागतात, ही सप्टेंबर २०२४ पासूनची रक्कम. त्यातून महिन्याला ९९२ युरो मिळतात. हा आकडा त्या देशाच्या विद्यार्थी-साहाय्याच्या कमाल रकमेवरून आला असून त्यात निवाऱ्यासाठी धरले आहेत ३८० युरो. प्रत्यक्षात २०२४ च्या एका पाहणीत भागीदारीतील खोलीचे सरासरी भाडे देशभरात ४८९, आणि म्युनिकमध्ये ७९० युरो आढळले. म्युनिकमध्ये उरले २०२. त्यातून आरोग्य विम्याचे शंभराहून अधिक गेले, की महिनाभराच्या जेवणाला शंभर युरोही हाती राहत नाहीत. सरकारने ठरविलेली रक्कम म्हणजे पुरेशी रक्कम, असे समजून जाणाऱ्याला हे तेथे गेल्यावर कळते!

भाड्यातही पोटभेद आहेत. ‘थंड’ भाडे म्हणजे नुसत्या जागेचे; उष्णता, पाणी, सफाई धरून होते ते ‘उबदार’ भाडे. जाहिरातीत पहिला आकडा मोठ्या अक्षरांत असतो. अनामत तीन महिन्यांच्या थंड भाड्यापर्यंत जाऊ शकते. शिवाय ज्या बाडेन-वुर्टेम्बर्गशी आपल्या शासनाचा करार आहे, त्या राज्याची सरकारी विद्यापीठे युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सहामाहीला १,५०० युरो घेतात. बहुतेक राज्यांत असे शुल्क नाही. उलट किमान वेतन देशभर एकच असल्याने तासाभराच्या मजुरीत लाइपझिगमध्ये म्युनिकपेक्षा अधिक दिवसांचे भाडे भागते. नोकरीवर जाणाऱ्यांनी तर कराराच्या कागदावरील पगार हाती येईल असे मुळीच धरू नये; सरासरी वेतनाच्या अविवाहित माणसाचा एक-तृतीयांशाहून अधिक पगार कर व विम्यात कापला जातो.

हा नुसता अंकगणिताचा प्रश्न असता तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. साडेसात लाखांवरील शैक्षणिक कर्जाला बँका साधारणतः तारण मागतात, आणि अशा वस्तीत तारण म्हणजे बहुधा राहते घर. त्याची कागदपत्रे बँकेत नेण्यापूर्वी शहराचे नाव निश्चित हवे, आणि त्या शहरातील उबदार भाडे, विमा, शुल्क यांचे आकडे वहीत हवेत. शासनानेही जर्मन भाषेच्या वर्गात तेथील वेतनपत्रक आणि भाडेकरार वाचावयास शिकवावे. विद्यार्थी-कल्याण संस्थांच्या वसतिगृहांतील खोल्या बाजारभावापेक्षा स्वस्त असतात. प्रतीक्षायादी मात्र लांब, म्हणून जेथे प्रवेशापूर्वी अर्ज चालतो तेथे तो विद्यापीठाच्या अर्जाबरोबरच टाकावा.