जनुक सापडले, पण साऱ्यांचे नाही
मेलानोमा हा त्वचेचा सर्वांत घातक कर्करोग. त्यामागील एक प्रमुख जनुकीय दोष ब्रिटनच्या सँगर इन्स्टिट्यूटमधील शास्त्रज्ञांनी २००२ मध्ये शोधला. 'बी-रॅफ' जनुकातील एका अक्षराच्या बदलाने पेशीला मिळणारा वाढीचा संदेश थांबतच नाही. सुमारे निम्म्या रुग्णांत हे उत्परिवर्तन आढळते. अवघ्या नऊ वर्षांत, २०११ मध्ये, त्यावरील 'वेमुराफेनिब' हे औषध अमेरिकेत मंजूर झाले. गाठी झपाट्याने आक्रसल्या. मात्र बहुतेकांत काही महिन्यांतच रोग पुन्हा उसळला. त्यामुळे आता 'मेक' प्रथिनाला रोखणारे दुसरे औषध जोडीला दिले जाते.

तथापि, हे यश प्रामुख्याने गोऱ्या त्वचेच्या रुग्णांचे. भारतीयांत मेलानोमा मुळातच दुर्मिळ आणि झालाच तर अनेकदा तळपायावर, तळहातावर वा नखाखाली. तेथे उन्हाचा संबंध फारसा नाही आणि बी-रॅफमधील बदलही कमी. काहींत 'किट' हे जनुक बिघडलेले असते. म्हणजे जनुकचाचणीविना बी-रॅफवरील औषध देणे निरर्थकच. पण चाचणीपर्यंत रुग्ण पोहोचतो केव्हा? तळपायावरचा काळा डाग कुरूप किंवा मुका मार समजून महिनोनमहिने अंगावर काढला जातो.