दुखणं म्हणजे विनोद नव्हे!

गणपतीला नाट्याला गेलो होतो. यशवंतगड चढताना बारावीतला मावसभाऊ मध्येच बसला. "दादा, गुडघे दुखतायत." लगेच सगळे सुरू, "मोदक कमी हाण!" मीही हसलो. आता लाज वाटते.

अरे, जाड आहे म्हणून दुखणं खोटं? 2003 साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात अतिलठ्ठ मुलांनी आपल्या जगण्याला दिलेले गुण कॅन्सरग्रस्त मुलांइतकेच कमी निघाले! 2025 मध्ये लॅन्सेटच्या आयोगाने लठ्ठपणातली तीव्र गुडघेदुखी आजाराच्या निकषांत धरली. आणि याला डॉक्टर म्हणाले, "आधी वजन उतरव, मग बघू." चालतानाच कळ येते, तर उतरवणार कसं, बॉस?

हल्ली तो क्रिकेट खेळत नाही. बाजूला बसून स्कोअर लिहितो.