पेटी ग्राहकाची, किल्ली कंपनीची

पैसे मोजून घेतलेली वस्तू घेणाऱ्याच्या मालकीची होते, हा व्यवहाराचा साधा नियम. सायकल घेणाऱ्याने तिला मागे कॅरिअर बसविले म्हणून सायकलचा कारखाना त्याच्यावर फिर्याद करीत नाही. परंतु घरोघरी लुकलुकणाऱ्या राउटर नावाच्या पेटीला हा नियम लावण्याची वेळ आली की कंपन्यांचे आणि सरकारांचे तर्कशास्त्र एकाएकी पालटते. पेटी ग्राहकाची, पण तिच्या पोटातील आज्ञावली, जिला तंत्रज्ञ फर्मवेअर म्हणतात, ती कंपनीची, आणि तिला हात लावणे हा जणू गुन्हा! या भूमिकेत सुरक्षिततेची काळजी किती आणि मक्तेदारीची हाव किती, हे एकदा तपासून पाहिले पाहिजे.

२००२ च्या अखेरीस लिंक्सिस कंपनीने डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर बाजारात आणला. पुढच्याच वर्षी असे उघडकीस आले की, त्यातील आज्ञावली लिनक्सवर उभारलेली आहे. लिनक्स हे जगभरच्या असंख्य प्रोग्रामरांच्या सामायिक श्रमाचे फळ. ते कोणीही वापरावे, मात्र त्यात फेरफार करून वाटणाऱ्याने आपली मूळ संहिताही खुली करावी, अशी त्याच्या परवान्याची अट. कंपनीने फळ घेतले आणि अट सोयीस्करपणे विसरली. बोभाटा झाल्यावर २००३ मध्ये तिला संहिता प्रसिद्ध करणे भाग पडले, आणि त्या पायावर २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हा मुक्त प्रकल्प उभा राहिला. कंपनीच्या औदार्यातून नव्हे, तर परवान्याच्या सक्तीतून हे घडले, हे विसरता कामा नये.

त्याचा उपयोग कोणी केला? बर्लिनचे उदाहरण पाहावे. जर्मनीच्या एकीकरणानंतर पूर्व बर्लिनच्या काही वस्त्यांत त्या काळची अत्याधुनिक काचतंतूची टेलिफोन वाहिनी घालण्यात आली. पुढे वेगवान इंटरनेट आले ते तांब्याच्या तारेवरून. आणि ज्यांच्याकडे नवी वाहिनी होती तेच त्याला मुकले! (प्रगतीच्या नियोजनात असे विनोद घडतात.) टेलिफोन कंपनीला तेथे नव्याने खर्च करण्याची घाई नव्हती. तेव्हा ‘फ्रायफुंक’ या चळवळीतील नागरिकांनी छपरांवर अँटेना उभारून आपसांत बिनतारी जाळे विणले. दुकानी राउटरमधील मूळ आज्ञावली काढून त्यांनी स्वतः रचलेली घातली. हे काम वाटते तितके सोपे नव्हते. सारी जागा अवघी चार मेगाबाइट. म्हणून अनावश्यक ते सर्व छाटायचे, आणि त्या जागी ओएलएसआर नावाची मार्गशोधनाची पद्धत बसवायची. या पद्धतीत प्रत्येक पेटी आपल्याला कोणकोणते शेजारी ऐकू येतात हे इतरांना सतत कळवीत राहते. त्यावरून वाट ठरते, आणि एखादी पेटी बंद पडली तर संदेश दुसऱ्या छपरावरून जातो. मध्यवर्ती मालक कोणीच नाही. आज्ञावली चढविताना वीज गेली तर पेटी निकामी होण्याची धास्ती. मग ती उघडून, आत तारा डकवून, तिला पुन्हा जागे करण्याची खटपट. चुकतमाकत, एकमेकांस विचारीत त्यांनी हे ज्ञान कमावले.

कंपनीचे उत्तर मार्मिक होते. २००५ च्या अखेरीस त्याच राउटरच्या पाचव्या आवृत्तीत स्मृती निम्मी केली गेली, चारावरून दोन मेगाबाइट, आणि लिनक्स काढून टाकण्यात आले. ज्यांना जुनी सोय हवी होती त्यांच्यासाठी वेगळ्या नावाने तीच पेटी, अर्थातच अधिक किमतीला, विकायला ठेवण्यात आली. सामायिक श्रमाचे मोल दुसऱ्यांदा वसूल करण्याचा हा प्रकार होय.

सरकारी बाजू मात्र सरसकट उडवून लावण्याजोगी नाही. पाच गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात अमेरिकेतील विमानतळांजवळची हवामान रडारे चालतात, आणि बेशिस्त प्रक्षेपणाने त्यांत खरोखरच व्यत्यय आला होता. परंतु त्यावर अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने काय केले? २०१५ मधील मार्गदर्शनात परक्या आज्ञावलीला प्रतिबंध कसा करणार, असे कंपन्यांना विचारले. गदारोळ झाल्यावर त्याच वर्षी ती भाषा मागे घेतली. तथापि टीपी-लिंकने २०१६ मध्ये पेट्यांना सरसकट कुलूप ठोकण्याचा सोपा मार्ग धरला. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये याच कंपनीने दोन लाख डॉलर भरून आयोगाशी तडजोड केली. तिच्या स्वतःच्या आज्ञावलीत देशाची निवड बदलताच मर्यादेबाहेर प्रक्षेपण करता येत होते! दोष कुलपाच्या आतल्याचा निघाला, बाहेरच्याचा नव्हे. मुक्त आज्ञावलीच्या कार्यकर्त्यांशी सहकार्य करण्याचे तिला त्याच तडजोडीत मान्य करावे लागले. प्रक्षेपणाची मर्यादा मोडणाऱ्यास जरूर दंड करावा; त्यासाठी साऱ्या वस्तीचे हात बांधण्याचे कारण नाही.

अर्जेंटिनातील आल्तेरमुंदी संस्थेने या कुलपांना कंटाळून स्वतःचाच राउटर घडविला. २०२४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीनेही ८९ डॉलरची आपली पेटी आणली. अर्थात तिच्यातील चिप मोठ्या कंपनीचीच, आणि रेडिओची अगदी आतली आज्ञावली अद्याप बंदच; तेव्हा विजयाचे नगारे वाजविण्यात अर्थ नाही.

भारतात २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा परवानामुक्त होताच धरमशालेच्या डोंगरउतारावर तिबेटी निर्वासितांच्या संस्थांनी असेच जाळे विणले. पहिल्याच महिन्यात आठ आवारे जोडली गेली. आता भारतनेटच्या द्वारे ग्रामपंचायतींपर्यंत काचतंतू पोचविला जात आहे. पंचायतीच्या कार्यालयापासून शाळा आणि पाडे यांपर्यंतची अखेरची वाट अशाच पेट्यांतून जाणार. कंपनी काही वर्षांनी सुधारणा पाठविणे थांबविते आणि धडधाकट पेटी भंगारात निघते. म्हणून सार्वजनिक पैशाने होणाऱ्या प्रत्येक खरेदीच्या निविदेत तीन अटी असल्याच पाहिजेत: मूळ संहिता सोबत द्यावी, आज्ञावली बदलल्याच्या सबबीखाली यंत्राची हमी नाकारू नये, आणि कंपनीने पाठबळ थांबविल्याच्या दिवशी पेटीची किल्ली पंचायतीच्या स्वाधीन करावी. यासाठी नव्या कायद्याचीही गरज नाही. निविदेचा मसुदा लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने एक परिच्छेद वाढविला तरी पुरे.